दुसरीकडे सुरू आहे

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज सणासुदीला माझ्या हातून खून झाला. मेला कोण, तर समीक्षाचा कॉम्प्युटर.

आमच्या घरी दसऱ्याला सगळी हत्यारं पुजतात. वडील मिठागरावर होते तेव्हा फावडं, टोपल्या आणि मीठ ओढायची लांब दांड्याची, दातेरी फळी पुजायचे. मी सिमेंट-रेती-सळयांच्या धंद्यात पडलो, म्हणून डंपर, वजनकाटा, दुकानातलं बिलाचं मशीन. यंदा वाटलं, पोरीच्या खोलीत ते धूड धूळ खात पडलंय, तेही हत्यारच. त्यालाही हळदीकुंकू लावू.

आणि पूजेच्या वेळी इंजिन चालू पाहिजे हा माझा नियम आहे. झोपलेल्या माणसाला कोणी नमस्कार करत नाही, मग झोपलेल्या गाडीला कशाला करायचा? म्हणून बटण दाबलं. आतले रंगीत दिवे लागले, पंखे फिरले, बघायला झकास. झेंडूचा हार घातला, अक्षता टाकल्या, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि डंपरवर शिंपडतो तसं नारळाचं पाणी ओंजळीने शिंपडलं. वरच्या बाजूला बारीक जाळी आहे हे कोणाच्या लक्षात होतं! फट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि दिवे गेले.

दर्शना आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दिवाळीत ती येणारे, हे न्यायला. आता काय देणार?"

समीक्षा हैदराबादला गेली त्याला हा दुसरा दसरा. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणारी कंपनी आहे, त्यात ती उजेडाचं काम करते. उजेडाचं काम म्हणजे काय हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळत नाही. एवढा हाताशी आलेला धंदा सोडून खेळणी बनवायला इंजिनियर झालीस का, असं मी विचारलं होतं. त्यात काय चुकलं? तिने बॅग भरली. तेव्हापासून मी फोन करत नाही, तीही करत नाही. दर्शना दोघांशी बोलते.

ते मशीन तिने नेलं की या घरात तिचं काही उरत नाही. हे दर्शना बोलली नाही. मलाच आरतीच्या वेळी सुचलं आणि आरतीतलं लक्ष उडालं.

४ ऑक्टोबर, शनिवार

कल्याणहून सूरज आला. मूळचा मोहने गावचा, स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. समीक्षाने हे मशीन त्याच्याकडूनच जोडून घेतलेलं. त्याने काच उघडली आणि आत टॉर्च मारला.

"काका, पंख्यात तांदूळ आहेत."

"अक्षता आहेत त्या."

"हां, म्हणजे तांदूळच ना."

एकूण निकाल असा: ग्राफिक्स कार्ड गेलं. चित्रं काढणारा भाग म्हणजे कार्ड. बाकीचं तो दुकानात नेऊन सुकवून बघणार. तसलं कार्ड मागवावं लागतं आणि दिवाळीपर्यंत येईल याची खात्री नाही. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. तिचे गेम तर सेफ आहेत, ते वर असतात. आपण क्लाउडवर लावू. तुमच्या दुकानातल्या डबड्यावरपण चालतील."

बिलाच्या मशीनला तो डबडं म्हणाला. सकाळी चालू करून मी चहा पिऊन येतो तेव्हा कुठे ते उघडतं, म्हणून मी ते ऐकून घेतलं. पण त्यावर खेळ चालणार, हे मला थापेसारखं वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

थाप नव्हती.

सूरजने दुपारी दुकानात येऊन सगळं लावलं. समीक्षाचा पासवर्ड लागणार होता. दर्शनाला फोन केला तर तिने चहा उकळायच्या आत पाठवून दिला. तुझ्याकडे कसा, विचारलं, तर म्हणे आईकडे सगळं असतं.

सूरजने मला जे समजावलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो. खेळ आपल्या मशीनवर चालतच नाही. कुठेतरी लांब, थंडगार खोल्यांमध्ये राक्षसी मशिनं मांडून ठेवलीत. त्यातलं एक आपल्यासाठी खेळ चालवतं. मी इथे बटण दाबलं की ते तिथे जातं, तिथे चित्र तयार होतं आणि इथे येतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि पुन्हा, आणि पुन्हा. माझा डंपर कोलशेतहून गायमुखला जाऊन यायला अख्खी दुपार खातो!

मग त्याने समीक्षाच्या खात्यातून तिच्याच कंपनीचा खेळ उघडला आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

खाडी. अगदी खाडी. एक बेट आहे, काठाला झोपडी, समोर पाणी. पाण्यावर ढग पडलेले, आणि वाऱ्याने पाणी हललं की ढग हलत होते. झोपडीच्या पत्र्यावर ऊन पडलं होतं आणि त्या पत्र्याचा उजेड उलटून दाराच्या चौकटीवर आला होता. सूरज म्हणाला की प्रकाशाचा एकेक किरण कुठे आपटतो, कुठे वळतो याचा हिशोब ते मशीन करत असतं. मी जन्मभर खाडीकाठी राहिलो. ओहोटीच्या चिखलावर संध्याकाळी तसा उजेड पडतो हे मला माहीत होतं, पण ते कोणाला मोजता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

"हेच का उजेडाचं काम?" मी विचारलं.

"हेच, काका."

सूरज गेल्यावर मी बराच वेळ नुसता बघत बसलो. काळुराम नावाचं गिऱ्हाईक सळयांचं माप विचारायला आलं, त्याला उद्या ये म्हटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मशीन नीट चालतंय का बघायला जेवण झाल्यावर परत उघडलं. फक्त तपासायला.

खेळात आपलं माणूस म्हणजे चौकड्यांचा शर्ट घातलेली, केस वर बांधलेली एक मुलगी आहे. तिला मी भिंतीवर आपटवलं, मग पाण्यात पाडलं. बटणं फार आहेत आणि माझी बोटं जाड. पण सूरजने शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे शेवटी चालता आलं. खेळात पाणी अडवून सुकवलं की मीठ मिळतं, मीठ लावलं की मासे टिकतात, असा प्रकार आहे. मीठ म्हटल्यावर मला राहवलं नाही. मातीचा बांध घातला. संध्याकाळच्या भरतीने तो धुऊन नेला. मिठागरवाल्याचा मुलगा आणि बांध फुटतो, लाज वाटली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज जे बघितलं त्यावर माझाच विश्वास बसत नाही.

खेळ उघडला तर बांध दुरुस्त झालेला! माझ्यासारखा ढिगारा नव्हे. खाली रुंद, वर निमुळता, आत फांद्या रोवलेल्या, आणि पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी झडप. वडील घालायचे तसा.

सूरजला फोन लावला. तो गाडीवर होता, नीट ऐकू आलं नसावं. मी विचारलं, "हे मशीन स्वतःच्या मनाने काही करतं का रे?" तो म्हणाला, "हो काका, आता अर्धी चित्रं तर ते स्वतःच अंदाजाने बनवतं. दोन चित्रं खरी, मधलं त्याने ओळखलेलं. म्हणून तर एवढं स्मूथ दिसतं."

म्हणजे हे असं आहे. मी अर्धवट बांध घातला, त्यावरून त्याने ओळखलं की याला काय हवंय, आणि पुरा करून ठेवला. धन्य आहे माणसाच्या डोक्याची. अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मी एक करतो, ते दुसरं करून ठेवतं. काल मी पहिला वाफा काढला, आज बाजूला तसेच आणखी काढलेले आणि तळ चोपून सपाट केलेला. माझी ओळ वाकडी होती, तिला धक्का लावला नाही, पुढच्या ओळी तिच्या वळणाने घेतल्या. याला अदब म्हणतात. मशिनात अदब कोणी घातली असेल?

मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. झोपडीच्या दाराशी मुद्दाम एक टोपली उपडी ठेवून आलो. बघू काय ओळखतं.

दर्शना हल्ली फोनवर बोलताना हसते आणि मी आलो की भांडी घासायला लागते. आज मला विचारलं, "दुकानात काय केलंत दिवसभर?" स्टॉक तपासला म्हटलं. ती म्हणाली, "टोपल्या मोजल्या वाटतं?" दुकानात आपण टोपल्या ठेवतच नाही. काय मनात येईल ते बोलते.

११ ऑक्टोबर, शनिवार

टोपली सुलटी केलेली. आत शेंगा ठेवलेल्या. मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज आईला दुकानात घेऊन आलो. आईचं नाव गोदा. वडिलांच्या बरोबरीने तिने मीठ ओढलं, तिच्या तळपायाच्या भेगा अजून भरलेल्या नाहीत. टॉवरमध्ये राहायला आल्यापासून ती फारशी खाली उतरत नाही. तिला खुर्चीत बसवून खेळ उघडला. वाफ्यांत पाणी भरलेलं, सकाळचं ऊन तिरपं, पाण्याच्या कडेला पहिली पांढरी साय धरलेली.

आई पडद्याच्या इतक्या जवळ गेली की तिचं नाक लागलं.

"कमल्या, यो तं आपला आगर!"

"खेळ आहे गं आई."

"सकालचा पानी असाच दिसं. आन ती फली बग, भितीला उलटी टेकवलेली. मी ठेवत व्हती तशी. तुजा बापूस सुलटी ठेवं, दात झिजतान."

मी बघितलं. खरंच, झोपडीच्या भिंतीला लांब दांड्याची फळी टेकवलेली होती, दात वर. काल नव्हती. आता सांगा, हे मशीनला कसं कळलं? मलाच माहीत नव्हतं! आई फळी कशी ठेवायची हे जगात कोणाला माहीत असणार? समीक्षा लहान असताना तिच्या मांडीवर बसून हेच सगळं ऐकायची, पण ते ऐकणं तिथेच राहिलं. माणसाच्या आठवणी ही मशिनं हवेतून खेचून घेतात की काय, असं क्षणभर वाटलं आणि भीतीही वाटली. पण भीतीपेक्षा नवल जास्त.

आईने पडद्यावरच्या चौकड्याच्या शर्टावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पोर आयली काय?" तिला हल्ली कोण कुठे असतं ते लक्षात राहत नाही.

जाताना मला बजावून गेली की पहिलं मीठ ओढशील ते आधी लेकीच्या दारात ठेव, मग बाजारात. आमच्या घरची तशी रीत होती. घरची लेक म्हणजे माझी आत्या, ती बाळकुमला दिली होती; तिच्या दारात पहिली टोपली वडील स्वतः नेऊन ठेवायचे. आईला म्हटलं, हा खेळ आहे, इथे कुठली लेक. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मशीन बंद केलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज डोकं फिरलं. जेवण लवकर आटपून सकाळीच दुकानात बसलो. मीठ धरायला आलंय, ओढायचा मुहूर्त आलाय. खेळ उघडला तर इंग्रजीत पाटी आली: हे खातं दुसरीकडे सुरू आहे. तिथलं बंद करून इथे सुरू करू का? हो. नाही.

चोर! दुसरं काय? माझ्या पोरीच्या खात्यात कोणीतरी घुसलाय. मी ताबडतोब "हो" दाबलं. खेळ उघडला. चौकड्यांच्या शर्टातली मुलगी बांधावर उभी होती, हातात मातीची पाटी. अर्ध्यावर काम टाकून उठावं तशी.

सूरजला फोन करून म्हटलं, पासवर्ड बदल, चोर शिरलाय. तो म्हणाला, "काका, खातं कोणाचं आहे ते आठवा ना." मी म्हटलं, कोणाचं म्हणजे, समीक्षाचं. "मग?" असं म्हणून त्याने गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला.

मला काही समजलं नाही. मीठ ओढायला हात लागेना, तसाच घरी आलो.

१५ तारीखच. संध्याकाळी

दर्शना दिवाणावर बसली होती. चकल्यांचं पीठ तसंच पडलेलं. मी चोराचं सांगायला लागलो तशी म्हणाली, "अहो, चोर नव्हता तो. तुमची मुलगी होती."

मी दुकानाच्या किल्ल्या खाली ठेवल्या.

"रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती तिथे बसते. तुम्ही दिवसभर काय केलंत ते संध्याकाळी उघडून बघते आणि सकाळी पुढचं करून ठेवते. पप्पांनी टोपली ठेवलीय म्हणून मला फोन करून सांगते. इतकी हसत होती. आज बसलेली असताना तुम्ही तिला बाहेर काढलंत. पडद्यावर लिहून येतं म्हणे, दुसऱ्याने तुम्हाला बाहेर काढलं. रडत होती. म्हणते, घरातून झालं, आता इथूनही."

"मी घरातून काढलं नव्हतं. ती गेली."

"दिवाळीला येत नाही म्हणाली. कॉम्प्युटरही नको म्हणाली. कोणाला द्यायचा त्याला द्या."

मी खोलीत येऊन हे लिहायला बसलो. मागची पानं वाचली आणि मान खाली गेली. अदब मशिनात नव्हती. फांद्या रोवलेला बांध, आईची फळी, माझ्या वाकड्या ओळीच्या वळणाने घेतलेल्या तिच्या ओळी. मी जगातल्या सगळ्या मशिनांना धन्य म्हणत बसलो आणि माझी पोर समोर माती उचलत होती. मला फार म्हणजे फार वाईट वाटतंय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फोन हातात घेतला, ठेवला. काय बोलू? तिच्याशी बोलायची माझी सवयच गेली. रागवायची तेवढी आहे.

खेळ उघडला. काहीही बदललं नव्हतं. मुलगी पाटी घेऊन तशीच बांधावर. इतके दिवस रोज काहीतरी नवं असायचं, आज पहिल्यांदा तिथे कोणी नव्हतं. पाणी तसंच चमकत होतं, ढग तसेच हलत होते. पण मला ते सुंदर दिसेना.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

भरतीने उत्तरेकडचा बांध फोडला. पाणी वाफ्यात शिरलं असतं तर धरलेलं मीठ विरघळलं असतं. ती मातीची पाटी तिने तिथेच टाकायला उचलली होती, हे आज कळलं. तिला माहीत होतं कुठून फुटणार ते. मी ती टाकली. मग अजून माती आणली, फांद्या रोवल्या, बटणं चुकत चुकत, पण तिने घातला होता तसा बघून बघून. दुपार गेली. सुदेश कॉन्ट्रॅक्टर माल मागायला दोनदा येऊन परत गेला. जाऊ दे.

दुसरीकडे बसलेल्या माणसाने केलेलं काम मला इथे हाताला लागतं, माझं तिला तिथे. मधे हैदराबाद ते कोलशेत एवढा मुलूख, आणि बांध एकच. सूरज म्हणतो यात विशेष काही नाही, सेव्ह वर असतं, कुठूनही उघडा. विशेष नाही म्हणे. मला तर देवळात उभं राहिल्यासारखं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

मीठ ओढलं.

फळी भिंतीवरून काढली, दात खाली केले आणि ओढलं. पांढरे ढीग झाले, उन्हात प्रत्येक दाणा वेगळा चमकला, आणि त्याचा उजेड मुलीच्या तोंडावर आला. हे तिचं काम. कुठल्या खेळात कुठल्या मुलीच्या तोंडावर उजेड कसा पडावा हे माझी समीक्षा ठरवते. माझ्या आयुष्यात मी एवढ्या सळया विकल्या, एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण असं काही मला करता आलं नाही. हे मी कोणाला बोलून दाखवणार नाही, इथे लिहितो.

पहिली टोपली भरून झोपडीच्या दारात ठेवली. फळी परत भिंतीला टेकवली, उलटी. आणि मुलीला दारात नाही, बांधावर नाही, झोपडीच्या आत नेऊन उभं केलं. मग मशीन बंद केलं. एवढंच मला येतं.

दर्शनाला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

टोपली तिथेच.

सूरजचा फोन: मशीन सुकलंय, बाकी सगळं ठीक, कार्ड मात्र दिवाळीनंतर. म्हटलं, घाई नाही. आता घाई कसली!

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटेचं अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला. आईने पायाखाली कारीट फोडलं. दर्शनाचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा माहेरचे. मी दुकानात जातो म्हटलं. सणाला? कोणी विचारलं नाही.

दुकान अर्धंच उघडलं. बिलाचं मशीन चालू केलं. आज ते उघडायला इतका वेळ लावत होतं की त्याला चार शिव्या घातल्या. मग खेळ उघडला.

पाटी आली.

हे खातं दुसरीकडे सुरू आहे. तिथलं बंद करून इथे सुरू करू का? हो. नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुसरीकडे सुरू आहे. सणाच्या सकाळी, हैदराबादच्या खोलीत, ती तिथे आत आहे. दार उघडून बाहेर आली असेल. टोपली दिसली असेल. माझी बोटं जाड, मला भीती वाटली की चुकून "हो" दाबलं जाईल. म्हणून उजवा हात डाव्या हाताने धरून "नाही" दाबलं.

पडदा काळा झाला. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी उठलो नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलंही नाही.

तेवढ्यात सुदेश आला. "शेठ, हॅपी दिवाळी! एक चलन काढून द्या ना मशीनवरून पटकन, गाडी नाक्यावर उभी आहे."

मी म्हटलं, "थांब रे जरा. मशीनवर माझी मुलगी बसलीये."

त्याने खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत मीच होतो. चलन मी हाताने लिहून दिलं.